बेटांच्या देशांची चांदीची स्मारक नाणी: निवड, पारख आणि जपणूक

निउए हा दक्षिण प्रशांत महासागरातला चिमुकला देश. लोकवस्ती दोन हजारांच्या आत, रोजच्या व्यवहारात न्यूझीलंडचा डॉलर. तरीही चांदीच्या नाण्यांचा कुठलाही ऑनलाइन बाजार उघडला की निउएचं नाव सतत दिसतं: चित्रपटांतली पात्रं, राशी, प्राणी, चित्रकार, काही ना काही निमित्ताने नवं नाणं आलेलंच असतं. कुक बेटे, तुवालू, पलाऊ, टोकेलाऊ, सॉलोमन बेटे यांचंही तसंच. यातली बहुतेक नाणी त्या बेटांवर कधी पोचतही नाहीत. ती थेट संग्राहकांसाठी बनतात.

म्हणून यात फसवणूक आहे असं समजायचं कारण नाही. देश आपलं नाव, राजचिन्ह आणि दर्शनी किंमत (नाण्यावर लिहिलेली रक्कम) छापायची परवानगी देतो आणि त्याबदल्यात स्वामित्वशुल्क घेतो. नाणं घडवणं, विकणं, त्याची जाहिरात करणं हे सगळं टांकसाळ किंवा वितरक कंपनी करते. लहान देशासाठी हे उत्पन्नाचं सरळ, कायदेशीर साधन आहे. मात्र नाण्यावर देशाचं नाव आहे एवढ्यावरून ते दुर्मिळ किंवा मौल्यवान ठरत नाही. किंमत ठरवायची तर आधी धातू, मग नाणं पाडणारा, मग नगांची संख्या आणि शेवटी विषय, या क्रमाने बघायला हवं. नवखा संग्राहक नेमका उलटा जातो. चित्र आवडलं की घेतो आणि वजन नंतर वाचतो.

नाणं कोणी पाडलं

निउएसाठी ऑकलंडची न्यूझीलंड मिंट आणि वॉर्सातली मिंट ऑफ पोलंड ही दोन नावं सर्वांत जास्त दिसतात. तुवालूच्या नाण्यांमागे बहुधा ऑस्ट्रेलियातली पर्थ मिंट असते. ती पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्य सरकारच्या मालकीची आहे. पलाऊ आणि कुक बेटांची बरीच नाणी लिक्टेनस्टाइनच्या सीआयटी या कंपनीची असतात. सीआयटी स्वतः टांकसाळ नाही. ती कल्पना, रेखाटन आणि वितरण सांभाळते आणि प्रत्यक्ष छाप मारण्याचं काम प्रामुख्याने जर्मनीतल्या बी. एच. मायर या टांकसाळीकडून करून घेते.

हे माहीत असणं का गरजेचं, ते एका उदाहरणावरून कळेल. २०१० पासून न्यूझीलंड मिंटने फिजीच्या नावाने ‘टाकू’ हे समुद्री कासवाचं एक औंसाचं नाणं काढलं. २०१४ पासून तेच कासव निउएच्या नावाने येऊ लागलं. टांकसाळ तीच, चित्रही तेच, फक्त देश बदलला. मालिका पुरी करायची असेल तर देशाच्या नावाने शोधून भागत नाही, टांकसाळीच्या नावाने शोधावं लागतं.

नाण्यावर टांकसाळीची खूण असते का ते बघा. पर्थ मिंटच्या बऱ्याच नाण्यांवर इंग्रजी ‘पी’ हे बारीक अक्षर सापडतं. खूण नसेल तर नाण्यासोबतच्या प्रमाणपत्रावर टांकसाळीचं नाव असायला हवं. दोन्ही नसेल आणि विक्रेत्यालाही नाव सांगता येत नसेल, तर नाणं बाजूला ठेवा.

मागच्या काही वर्षांची नाणी घेताना राजमुद्रेची बाजूही तपासा. निउए, कुक बेटे, तुवालू आणि सॉलोमन बेटे यांचा राष्ट्रप्रमुख ब्रिटिश राजा किंवा राणी असल्याने त्यांच्या नाण्यांवर बहुधा तो चेहरा असतो. पलाऊ प्रजासत्ताक आहे, त्यामुळे तिथे देशाची मुद्रा येते. ८ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ यांचं निधन झालं. त्यानंतर चेहरा बदलण्याचं काम टप्प्याटप्प्याने झालं. राणीचा चेहरा ठेवून शेजारी १९५२–२०२२ ही वर्षं घातलेली नाणीही निघाली. एकाच मालिकेत दोन वेगळ्या दर्शनी बाजू असू शकतात. विक्रेत्याने फक्त चित्राच्या बाजूचा फोटो दिला असेल तर दुसऱ्या बाजूचा मागून घ्या.

धातूचा हिशेब आधी

दर्शनी किंमत विसरून जा. एक औंस चांदीच्या नाण्यावर बहुधा १, २ किंवा ५ डॉलर लिहिलेलं असतं. तो आकडा नाण्याला चलनाचा कायदेशीर दर्जा मिळावा म्हणून असतो. त्या किमतीला ते कुठल्याही दुकानात खर्चायला गेलात तर आतल्या चांदीची माती होईल आणि त्या देशाबाहेर ते कोणी घेणारही नाही.

हिशेब सोपा आहे. नाण्याचं ग्रॅममधलं वजन गुणिले शुद्धता, भागिले ३१.१०३५. उत्तर येतं ते शुद्ध चांदीचे ट्रॉय औंस. चांदीचा जागतिक भाव ट्रॉय औंसात सांगतात आणि ट्रॉय औंस ३१.१०३५ ग्रॅमचा असतो. किराणा मालाचा औंस साधारण २८.३५ ग्रॅमचा. या दोहोंची गल्लत केली की सुमारे दहा टक्क्यांची चूक होते.

पलाऊच्या अनेक जुन्या नाण्यांचं वजन २५ ग्रॅम आणि शुद्धता ९२५ असते, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. २५ × ०.९२५ म्हणजे २३.१२५ ग्रॅम शुद्ध चांदी, म्हणजेच ०.७४३५ औंस. समजा भाव औंसाला ३० डॉलर आहे. मग आत सव्वाबावीस डॉलरची चांदी झाली. विक्रेता ९० मागत असेल तर उरलेले पावणेअडुसष्ट डॉलर कारागिरी, रंग, डबी आणि दुर्मिळता यांचे. ते द्यायला हरकत नाही, पण आपण कशाचे पैसे देतोय ते माहीत असावं. विषयाची हौस ओसरली की नाण्याखाली फक्त चांदीच्या त्या दिवसाच्या मोलाचाच आधार राहतो, हे धरून चाला.

जुन्या मालिकांत हा हिशेब फार उपयोगी पडतो. १९८५ मध्ये फ्रँकलिन मिंटने ब्रिटिश व्हर्जिन बेटांसाठी बुडालेल्या खजिन्यांवर २० डॉलरच्या २५ नाण्यांचा संच काढला. प्रत्येक नाणं १९.०९ ग्रॅम, ९२५ शुद्धतेचं. कोरीवकाम सुरेख आहे, पण संच भरपूर विकले गेले, त्यामुळे बाजारात ती नाणी सहज मिळतात आणि धातूच्या मोलाच्या आसपासच विकली जातात. चांगली चांदी आणि देखणं काम वाजवी दरात हवं असेल तर अशा जुन्या संचांकडे जरूर बघा. नव्या झगमगीत नाण्यांपेक्षा यात शिकायला जास्त मिळतं, असं आमचं ठाम मत आहे.

आता मुलाम्याचं. याच देशांच्या नावाने चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची नाणीही निघतात. ती पूर्ण कायदेशीर असतात. फक्त वर्णन नीट वाचावं लागतं. ‘सिल्व्हर प्लेटेड’ म्हणजे मुलामा. बरेच विक्रेते जर्मन असतात. त्यांच्या वर्णनात ‘झिल्बर’ म्हणजे चांदी आणि ‘फरझिल्बर्ट’ म्हणजे चांदीचा मुलामा. ‘जर्मन सिल्व्हर’ किंवा ‘निकेल सिल्व्हर’ ही तांबं, जस्त आणि निकेलची मिश्रधातू आहे, तिच्यात चांदीचा कणही नसतो. ९२५, ९९९ किंवा ९९९.९ यांपैकी काहीच लिहिलेलं नसेल आणि नुसतं ‘सिल्व्हर कलर’ किंवा ‘सिल्व्हर फिनिश’ म्हटलं असेल, तर ते चांदीचं नाही असंच समजा. सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या नाण्यावरचं सोनं इतकं पातळ असतं की धातूच्या हिशेबात ते शून्य धरा.

नगांची संख्या कशी वाचायची

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘फक्त ९९९ नग’ असं येतं. पण एकाच चित्राच्या किती आवृत्त्या निघाल्यात? एक औंसाचं प्रूफ (आरशासारख्या पार्श्वभूमीचं), दोन औंसाचं उठावदार, पाच औंसाचं, एक किलोचं, रंगीत, बिनरंगी, सोनेरी कडेचं. प्रत्येकाची संख्या स्वतंत्र मोजतात. सगळ्यांची बेरीज केली की ९९९ चा आकडा हजारोंवर जातो. संख्या ठरवताना ती मंजूर कमाल मर्यादा आहे की प्रत्यक्ष पाडलेले नग, हेही विचारा. मंजुरी ५००० ची असून मागणी नसल्यामुळे कमी पाडले, असंही होतं आणि अशी नाणी पुढे खरोखरच दुर्मिळ ठरू शकतात.

संख्या कमी असणं एवढंच पुरत नाही. ती मालिका गोळा करणारे लोक असावे लागतात. पाचशे नग आणि पन्नास खरेदीदार यापेक्षा पाच हजार नग आणि दहा हजार खरेदीदार बरे. आजवर किती मागितले हे बघू नका, किती रुपयांत, डॉलरांत प्रत्यक्ष विकले गेले ते बघा. लिलावाच्या संकेतस्थळांवर पूर्ण झालेल्या विक्रीची यादी वेगळी दिसते. नुमिस्तासारख्या खुल्या सूचीत वजन, व्यास, शुद्धता आणि आवृत्त्या एकत्र मिळतात. विक्रेत्याचं वर्णन त्याच्याशी ताडून बघणं ही दोन मिनिटांची गोष्ट आहे.

पृष्ठभाग आणि त्यांचे दोष

प्रूफ नाण्यात पार्श्वभूमी आरशासारखी असते आणि चित्र दुधी, मऊ दिसतं. घासून चमकवलेल्या साच्यांनी, तयार केलेल्या चकतीवर एकाहून जास्त वेळा दाब देऊन ते बनतं. या आरशावर बोटाचा ठसा उमटला की तो काही महिन्यांत धातूत कोरल्यासारखा दिसू लागतो. प्रूफ नाणं उघड्या हातात धरून बोलूसुद्धा नका. थुंकीचा अदृश्य थेंब पडतो आणि काही काळाने तिथे टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका दिसतो. तो निघत नाही.

अँटीक फिनिश म्हणजे मुद्दाम काळवंडवलेलं नाणं. गंधकाच्या संयुगाने पृष्ठभाग काळा करतात, मग उंच भाग घासून उजळतात. खोलगट जागेत काळेपणा राहतो आणि उठाव डोळ्यांत भरतो. हे काम हातानेही होत असल्यामुळे दोन नगांच्या काळेपणात फरक असणारच. त्याला दोष म्हणू नये. पण अशा नाण्यावर चांदी उजळायचं द्रावण घातलं की सगळी छटा धुऊन जाते आणि पुन्हा येत नाही.

रंगीत नाण्यांवर रंग बहुधा छापलेला असतो. भिंगातून बघा: रंगाची कड कोरलेल्या रेषेबाहेर सरकली आहे का, कोपऱ्यात टवका उडाला आहे का, सपाट भागात धुळीचा कण अडकला आहे का. सीआयटीच्या ‘स्मार्टमिंटिंग’ पद्धतीत कमी धातूत बराच उठाव काढतात, त्यामुळे चित्र फार जिवंत दिसतं. पण जितका उठाव जास्त, तितका उंचवट्यावर घासला जाण्याचा धोका जास्त. नाक, कपाळ, पंखाचं टोक या जागा तिरप्या उजेडात आधी बघा.

बसवलेल्या वस्तूंची नाणी वेगळीच काळजी मागतात. पलाऊच्या टिफनी आर्ट मालिकेत दोन औंस चांदीत रंगीत काच बसवलेली असते. पलाऊच्याच २००७ च्या, फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्रावरच्या नाण्यात तिथलं पवित्र पाणी भरलेली छोटी कुपी आहे. काच, मोती, अंबर, उल्केचा तुकडा, काहीही असो, त्याला धरून ठेवणारा डिंक उष्णतेने सैल पडतो आणि चांदी व काच वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. अशी नाणी उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, पाण्यात तर मुळीच बुडवू नका.

आणि दुधी डाग. ९९९ शुद्धतेच्या नव्या नाण्यांवर पांढुरके, ढगासारखे ठिपके उमटतात. चकत्या तापवून धुताना राहिलेली रसायनं हे त्याचं कारण मानतात. विकत घेताना नाणं स्वच्छ असलं तरी वर्षभराने ते दिसू शकतात, अगदी तपासणी संस्थेने श्रेणी देऊन सीलबंद केलेल्या डबीतसुद्धा. सुरक्षित उपाय नाही. म्हणून डाग आधीच असतील तर धातूच्या भावानेच घ्या.

घरी तपासणी

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, व्हर्नियर कॅलिपर, दहापट भिंग आणि ताकदीचं निओडिमियम चुंबक एवढं पुरे. नाणं कॅप्सूलमध्येच (पारदर्शक गोल डबीत) असेल तर ते काढू नका. तसल्याच रिकाम्या कॅप्सूलचं वजन वजा करा. फरक अर्धा ग्रॅमहून जास्त निघाला तर शंका घ्या.

व्यास जाहीर आकड्याशी जुळायला हवा. मिंट ऑफ पोलंडची एक औंसाची नाणी बऱ्याचदा ३८.६१ मिलिमीटरची, तर पर्थ मिंटची ४०.६० मिलिमीटरची असतात. वजन बरोबर आणि व्यासही बरोबर, पण जाडी जास्त, म्हणजे आत हलका धातू आहे.

चांदी चुंबकाला ओढत नाही. तिरप्या धरलेल्या कॅप्सूलवरून चुंबक सोडलं तर ते संथपणे घसरत खाली येतं. झटकन पडलं तर आत विजेचा कमी प्रतीचा वाहक धातू असू शकतो, चिकटलं तर लोखंड किंवा निकेल. तांबंही चुंबकाला संथ करतं, म्हणून या एका चाचणीवर निर्णय घेऊ नका.

खरा निकाल घनतेचा. ही चाचणी फक्त साध्या, बिनरंगी, काहीही न बसवलेल्या आणि प्रूफ नसलेल्या नाण्यावर करायची.

१. काट्यावर अर्धं भरलेलं ऊर्ध्वपातित पाण्याचं काचेचं भांडं ठेवा आणि काटा शून्यावर आणा.
२. नाणं बारीक नायलॉन दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. ते तळाला किंवा कडेला टेकता कामा नये.
३. नाण्याला चिकटलेले बुडबुडे हलकेच झटका. एक मोठा बुडबुडासुद्धा आकडा वाढवतो.
४. काट्यावरचा आकडा वाचा. कोरड्या वजनाला त्याने भागा.

शुद्ध चांदीची घनता १०.४९. म्हणून ३१.१ ग्रॅमच्या नाण्याला काट्यावर २.९६ ते २.९७ ग्रॅम दिसायला हवं. तांब्यावर मुलामा असेल तर ३.४७ च्या आसपास येईल. २५ ग्रॅमच्या ९२५ चांदीला २.४१ च्या जवळपास यावं. ३१.१ ग्रॅमचं शिसं २.७४ दाखवेल, म्हणजे आकडा कमी आला तरी खूश होऊ नका. नंतर नाणं पुसायचं नाही, मऊ कापडावर उभं ठेवून आपोआप वाळू द्यायचं.

बनावट नाण्यात अक्षरं सर्वांत आधी फसतात. भिंगाखाली खऱ्या नाण्याच्या अक्षरांच्या कडा धारदार असतात. ओतून केलेल्या नाण्यात त्या गोलसर, फुगीर दिसतात आणि पार्श्वभूमीवर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात. आम्लाची चाचणी संग्राहक नाण्यावर कधीच करू नका.

ठेवायचं कसं

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. ओलावा आणि उष्णता हे काम वेगाने करतात. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या खाली असेल तर बरं. खोलीचं तापमान स्थिर हवं.

मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात नाणं ठेवू नका. ते पीव्हीसी असतं आणि काळाने आम्ल सोडून नाण्यावर हिरवा, चिकट थर आणतं. साध्या, काहीही न बसवलेल्या, बिनरंगी, अँटीक नसलेल्या नाण्यावरचा हा थर शुद्ध ॲसिटोनने निघतो. काचेच्या भांड्यात काही मिनिटं बुडवा, ॲसिटोन बदलून पुन्हा बुडवा, कडेने धरून बाहेर काढा आणि वाळू द्या. खिडकी उघडी हवी, आग जवळ नको. नेलपॉलिश काढायच्या द्रवात इतर घटक असतात, तो वापरू नका. रंगीत नाण्यावर ॲसिटोन पडलं तर रंग गेला म्हणून समजा.

नाण्याच्या नेमक्या व्यासाची कडक ॲक्रिलिक कॅप्सूल सर्वोत्तम. फोमची चकती लागलीच तर पॉलिथिलीनची घ्या. रबर, लोकर आणि काही रंगीत वेलवेट गंधक सोडतात. गंमत अशी की टांकसाळीने दिलेली देखणी लाकडी पेटीच अनेकदा नाण्याला बाधते. लाकूड, डिंक आणि अस्तर मिळून आम्लाची वाफ सोडतात. म्हणून कॅप्सूलमधलं नाणं झिप पिशवीत, सोबत गंधक शोषणारी पट्टी घालून वेगळं ठेवा. पेटी आणि प्रमाणपत्र दुसऱ्या कप्प्यात जपा, कारण विकताना त्यांचेही पैसे मिळतात. सोबत ओलावा शोषणारं सिलिका जेल ठेवलं असेल तर त्याचा रंग बदलला की वाळवून पुन्हा वापरा. कॅप्सूल हवाबंद नसते, म्हणून पट्टीही ठरावीक काळाने बदलावी लागते.

नाणं काढायचंच झालं तर पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे घाला, टेबलावर जाड मऊ कापड पसरा आणि फक्त कडेने धरा. सुती हातमोज्यांतून नाणं सहज निसटतं.

काळवंडलेलं नाणं उजळायच्या फंदात पडू नका. उजळणारं द्रावण चांदीचा वरचा थरच काढतं आणि प्रूफचा आरसा कायमचा मंद होतो. पॉलिश, टूथपेस्ट, बेकिंग सोडा, सगळं वर्ज्य.

श्रेणी, सीमाशुल्क आणि विक्री

एनजीसी आणि पीसीजीएस या संस्था नाणं तपासून ७० गुणांपैकी श्रेणी देतात आणि ते सीलबंद करतात. नाणं खरं असल्याची खात्री हा त्याचा मोठा फायदा. पण आधुनिक नाणी मुळातच निर्दोष बनतात, त्यामुळे ७० गुण मिळणं फारसं दुर्मिळ नाही. स्वस्त नाण्यावर श्रेणीचा खर्च निघत नाही. सीलबंद नाणं घेताना त्यावरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून फोटोशी जुळवून बघा, कारण खोट्या डब्याही बाजारात आहेत.

परदेशातून मागवताना सीमाशुल्काच्या वर्गीकरणात नाणी ७११८ या शीर्षकाखाली येतात. कायदेशीर चलन नसलेल्या नाण्यांना त्यात वेगळा उपक्रमांक आहे. म्हणून बिलावर देश, दर्शनी किंमत, धातू आणि वजन स्पष्ट लिहायला सांगा. नुसतं ‘मेडल’ किंवा ‘गिफ्ट’ लिहिलेलं पार्सल अडकण्याची शक्यता जास्त.

विकताना मालिका शक्यतो पूर्ण द्या. एक नाणं कमी असलं तरी उरलेल्यांचा भाव पडतो. प्रमाणपत्रावर क्रमांक असेल तर तो त्याच नाण्याचा असल्याची खात्री करा, संच हाताळताना ही अदलाबदल सहज होते. दोन्ही बाजूंचे आणि कडेचा फोटो तिरप्या उजेडात काढा, डाग असेल तर तो लपवू नका. पाठवताना कॅप्सूल पेटीत खडखडणार नाही इतपत मऊ कागदाने घट्ट करा. रंगीत आणि काचेच्या नाण्यांसाठी दुहेरी खोकं वापरा आणि दोन खोक्यांमध्ये चारही बाजूंनी किमान तीन सेंटिमीटर भरण ठेवा.